पुढचा की मागचा

गुरुवारी दुपारी बरोबर चार वाजता मिस्त्री गॅरेजच्या फरशीवर खडूनं लिहिलेला शब्द वाचणार होता, आणि तोपर्यंत चष्मेवाल्याला तो शब्द ठरवायचा होता. आता अडीच वाजले होते. सकाळी नऊपासून त्यानं अकरा वेळा लिहिलं होतं आणि अकरा वेळा चपलेनं पुसलं होतं. त्यामुळे फरशीचा तेवढा तुकडा बाकी सगळ्या गॅरेजपेक्षा चकचकीत झाला होता.

भानगड अशी होती. चष्मेवाल्याची बायको गुरांची डॉक्टर. तिची पिकअप चारही चाकांना जोर देणारी, तरीही गेल्या महिन्यात डोंगरावरच्या वस्तीकडे जाताना चिखलात बसली ती बसलीच. बाई पेटी खांद्यावर मारून साडेतीन किलोमीटर चालत गेल्या. पोचल्या तेव्हा वासरू आपलं आपण जन्माला येऊन उभंसुद्धा राहिलं होतं. "दर वेळी वासरू इतकं समजूतदार नसतं," असं म्हणून तिनं गाडीला लॉक बसवायचं ठरवलं. त्याच वस्तीवरची दुसरी गाय शुक्रवारी विणार होती, आणि तिचं वासरू पोटात आडवं होतं.

लॉक म्हणजे काय, हे चष्मेवाल्याला आता झोपेतही सांगता आलं असतं. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. म्हणून दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे अ‍ॅक्सलच्या, मधोमध डिफरन्शियल नावाचा गिअरचा गोळा असतो, तो दोन्ही चाकांना आपापल्या चालीनं फिरू देतो. पण एक चाक चिखलात गेलं की हाच गोळा सगळा जोर त्या फुकट फिरणाऱ्या चाकाला देऊन मोकळा होतो, आणि दुसरं चाक कोरड्या जमिनीवर असूनही हातावर हात ठेवून बसतं. लॉक लावलं की दोघांनाही बरोबरीनं फिरावं लागतं. इथपर्यंत सगळं सोपं होतं. प्रश्न एवढाच, की लॉक पुढच्या अ‍ॅक्सलला बसवायचं की मागच्या? मिस्त्रीनं दोन्ही अ‍ॅक्सल उघडून ठेवले होते. शुक्रवार सकाळपर्यंत लॉक एकालाच बसणार होतं.

"एवढी एक गोष्ट तू ठरव," बायको सोमवारी म्हणाली होती. "एकच. मला दवाखान्यातून मान वर करायला फुरसत नाही."

घरात आजवर सगळं तीच ठरवत आली होती. चष्मेवाला गाडी लावायला जागा शोधत होता तेवढ्यात तिनं राहतं घर पसंत केलं होतं. नवराही तिनंच पसंत केला होता, हा त्या वेळी अजून विचार करत होता. बैठकीच्या खोलीचे पडदे एकदा त्याच्यावर सोपवले, तर त्याचं ठरेपर्यंत ते दुकानच बंद पडलं. गंमत म्हणजे वीस वर्षं त्याचा धंदा दुसऱ्यांकडून ठरवून घेण्याचा होता. समोरच्याच्या डोळ्यापुढं भिंग धरायचं आणि विचारायचं, "आता बरं दिसतंय की मघाशी?" लोक पटकन सांगायचे. त्याला त्यांचा फार हेवा वाटायचा.

पण या वेळी त्याला खरोखर ठरवायचं होतं. अठरा वर्षांनी बायकोनं विश्वासानं काहीतरी हातात दिलं होतं, आणि ते नीट झालं नाही तर ती पुन्हा कधी देणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शिवाय चुकलं तर पडद्यासारखं नुसतं वाईट दिसणार नव्हतं. त्या वाटेला एका बाजूला खोल दरी होती.

"मिस्त्री, तुमची स्वतःची गाडी असती तर काय लावलं असतं?" त्यानं गॅरेजमध्ये सतरावी फेरी मारत विचारलं.

"मी बसवतो. ठरवत नाही," मिस्त्री म्हणाला.

हा त्याचा नियम होता. पूर्वी एका गिऱ्हाइकाशी 'मी असं म्हणालो होतो', 'नाही, तसं म्हणाला होता' यावरून त्याची मारामारी झाली होती. तेव्हापासून तोंडी काही चालत नसे. गिऱ्हाइकानं गाडीच्या तोंडापुढं फरशीवर खडूनं लिहायचं, मिस्त्री चार वाजता चहा पिऊन यायचा, वाचायचा आणि कामाला लागायचा. एकदा हात ग्रीसमध्ये गेले की फोन खणात बंद. मग खुद्द गाडीचा मालक पाया पडत आला तरी ऐकून घ्यायचं नाही.

"तसं नाही हो, पण अंदाजे?"

"साहेब, तुम्ही फेऱ्या मारताय त्यानं मला गरगरायला लागलंय. ती बोअरवाल्याची गाडी उभी आहे बघा, पुढं-मागं दोन्हीकडे लॉक आहे. मागच्या पटांगणात चिखल आहे. जा, दोन्ही बटणं दाबून बघा आणि एकदाचं काय ते लिहा."

चष्मेवाल्याला हे फार पटलं. जाता जाता फरशी रिकामी बरी दिसत नाही म्हणून त्यानं 'पुढचा' असं लिहिलं. आल्यावर बदलता येईल, असा विचार. आपला फोन कामाच्या टेबलावर राहिला, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

तो गाडीत चढला, तर शेजारच्या सीटवर मिस्त्रीच्या सासूबाई आधीच बसलेल्या. उजवा गाल टम्म सुजलेला, त्यावर रुमाल.

"मला दातवाल्याकडे सोडा. तीनची वेळ आहे," त्या म्हणाल्या. "सरळ गेलं की दुसरं डावं वळण. जावयाला सांगून सांगून थकले."

"पण मावशी, मी पटांगणात..."

"दाढ दुखतेय हो!"

चष्मेवाल्याला 'नाही' म्हणायला नेहमीच वेळ लागायचा. तेवढ्यात गाडी रस्त्याला लागलीसुद्धा.

रस्ता कोरडा, सपाट आणि डांबरी होता. समोर दोन बटणं लालसर चमकत होती. नुसतं दाबून बघायला काय हरकत आहे, असं त्याला वाटलं. तळहात शिवशिवत होते, घड्याळ पुढं पळत होतं. त्यानं पुढच्या लॉकचं बटण दाबलं. खालून खट्ट असा आवाज आला आणि दिवा लागला. गाडी व्यवस्थित चालत होती. "वा!" तो स्वतःशीच म्हणाला.

"हेच वळण," सासूबाई म्हणाल्या.

त्यानं स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. स्टिअरिंग दोन बोटं फिरलं आणि रुसल्यासारखं परत आपल्या जागी आलं. त्यानं जोर लावला. टायर किंचाळले, गाडी थरथरली आणि सरळ गेली.

"अहो, वळण गेलं!"

"हो, बघतोय मी!" त्यानं घाईघाईनं बटण पुन्हा दाबलं. दिवा तसाच. चार वेळा दाबलं. दिवा ढिम्म हलला नाही.

"पुढच्या चौकातून घ्या मग डावीकडे. मागनं रस्ता आहे," सासूबाईंनी उदार मनानं सांगितलं.

चौकात हवालदार उभा होता आणि तो सगळी वाहनं डावीकडेच वळवत होता, कारण समोर रस्त्यावर पांढरे पट्टे मारायचं काम चालू होतं. हवालदारानं हात डावीकडे केला. चष्मेवाल्यानंही जिवाच्या आकांतानं स्टिअरिंग डावीकडे ओढलं. गाडी सरळ गेली. हवालदार बाजूला उडी मारून वाचला, एक प्लॅस्टिकचा शंकू गाडीखाली गेला, दोन रंगारी ब्रश टाकून पळाले आणि ओल्या पट्ट्यांवरून जाऊन गाडीनं पुढच्या रस्त्यावर स्वतःचे दोन लांबच लांब पट्टे ओढायला सुरुवात केली.

"माफ करा!" चष्मेवाला खिडकीतून ओरडला. "गाडी वळत नाहीये!"

"कुणाला सांगताय? दातवाला तर मागं राहिला," सासूबाई म्हणाल्या.

थांबायचं म्हटलं तर आरशात मागं एक छोटी मोटार दिसत होती, टपावर शिकाऊ चालकाची पाटी. ती अगदी शेपटाला चिकटून येत होती. त्यानं वेग कमी केला की ती कमी करायची, वाढवला की वाढवायची. आत काय चाललं होतं ते त्याला नंतर कळलं. शिकवणारे गृहस्थ शिकणाऱ्या बाईंना म्हणत होते, "ती पुढची गाडी बघा. इकडं नाही, तिकडं नाही. याला म्हणतात हाताची पकड. तिला सोडू नका." बाई गुणी विद्यार्थिनी होत्या. त्यांनी सोडलं नाही.

तीन वाजून दहा मिनिटं झाली. गाव मागं पडलं. चष्मेवाल्याला घाम फुटला होता, पण तो गाडीमुळे नव्हता. फरशीवर 'पुढचा' लिहिलेलं होतं. चार वाजता मिस्त्री ते वाचणार होता. आणि उद्या सकाळी त्याची बायको हेच असलं आडमुठं स्टिअरिंग हातात घेऊन, डाव्या हाताला दरी असलेल्या त्या वाटेवर, आडव्या वासराच्या घाईत निघणार होती. तिला वळायचं असेल आणि गाडी म्हणेल, नाही. त्याच्या डोळ्यांपुढं ते चित्र इतकं स्वच्छ उभं राहिलं की त्याच्या दुकानातल्या कुठल्याही भिंगातून तितकं दिसलं नसतं. तो विलक्षण घाबरला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एखादी गोष्ट नक्की ठाऊक होती आणि ती सांगायला जवळ कुणी नव्हतं.

"मावशी, फोन आहे का तुमच्याकडे? मिस्त्रीला सांगा, फरशीवरचं पुसा म्हणावं!"

सासूबाईंनी फोन लावला, रुमालावरून कानाला धरला. "लागतोय... लागतोय... खणात वाजत असेल. जावई आमचा माझाही फोन घेत नाही."

"मग मुलीला लावा!"

"ती माझाच दात दाखवायला यायची होती. थांबलीय दातवाल्याकडे. तिला काय सांगू? आई कुठं चाललीय म्हणून?" मग त्यांनी जरा वाकून समोर पाहिलं. "खरंच, कुठं चाललोय आपण?"

"सरळ," चष्मेवाला म्हणाला. त्याच्याकडे तेवढंच उत्तर होतं.

वाटेत दोन फाटे लागले. एरवी फाटा दिसला की तो गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं विचार करायचा. आज दोन्ही फाटे आले आणि गेले. रस्ता अरुंद झाला, डांबर संपलं, आणि अखेरीस एका वीटभट्टीच्या आवारात, पुरुषभर उंचीच्या विटांच्या थप्पीपुढं वीतभर अंतरावर गाडी थांबली. पाठोपाठ शिकाऊ मोटारही आत शिरली आणि मागच्या बंपरपाशी वीतभर अंतरावर थांबली.

भट्टीवाला धावत आला. "विटा पाहिजेत का?"

"नको!" चष्मेवाला इतक्या ताडकन म्हणाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. तो उतरून मागं गेला. "अहो, गाडी मागं घ्या जरा. मला मागं यायचंय."

शिकणाऱ्या बाईंनी शिकवणाऱ्यांकडे पाहिलं. शिकवणारे घसा खाकरून म्हणाले, "मागं घेणं पाचव्या धड्यात आहे. आमचा आज दुसरा."

"मग तुम्ही घ्या!"

"मी घेतली तर बाईंचा आत्मविश्वास जाईल," ते हळू आवाजात म्हणाले.

"माझी बायको दरीत जाईल!" चष्मेवाला ओरडला. आवाज थप्पीवर आदळून परत आला. भट्टीवाला दोन पावलं मागं सरकला. शिकवणारे मुकाट्यानं उतरले, बाईंना पलीकडे सरकवलं आणि मोटार बाहेर काढली.

चष्मेवाल्यानं गिअर टाकून गाडी सरळ मागं घेतली. तीन-चार हात गेली असेल नसेल, खालून टक्क आवाज आला आणि दिवा विझला. त्यानं स्टिअरिंग फिरवलं. लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरलं.

"सुटलं," सासूबाई म्हणाल्या. "जावईसुद्धा असंच करतो. अडकलं की जरा मागं घेतो."

चष्मेवाल्यानं गाडी थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. "मावशी, तुम्हाला हे माहीत होतं?"

"म्हणजे काय! रोज बघते."

"मग मघाशीच का नाही सांगितलंत?"

"मला काय ठाऊक, अडकलंय म्हणून? तुम्ही इतकं सरळ चालला होता. हवालदाराला जुमानलं नाही, कुणाला जुमानलं नाही. मला वाटलं, माणूस ठरवून चाललाय."

ठरवून चाललाय, असं त्याच्याबद्दल आजवर कुणीही म्हटलं नव्हतं. पण खूश व्हायला वेळ नव्हता. भट्टीतल्या घड्याळात चारला वीस कमी होती.

परतीच्या वाटेवर त्यानं गाडी हाणली. पण चौकात हवालदार वाटच बघत होता. रस्त्यावरचे पांढरे पट्टे त्यानं पुरावा म्हणून दाखवले, शंकूही दाखवला. चष्मेवाल्यानं त्याला डिफरन्शियल समजावून सांगितलं. हवालदारानं ते दोनदा ऐकलं, मग विचारलं, "म्हणजे बाहेरचं चाक जास्त पळतं?" तिसऱ्यांदा त्याला खडे मांडून दाखवावं लागलं. रंगाऱ्यांची समजूत घालण्यात आणि खराब झालेला पट्टा पुसून देण्यात आणखी पाऊण तास गेला. सासूबाईंना दातवाल्याकडे सोडू का विचारलं, तर त्या म्हणाल्या, "राहू दे. त्या विटा समोर आल्या तेव्हापासून दुखायचंच थांबलंय."

गॅरेजशी पोचला तेव्हा सव्वापाच वाजले होते. गाडी सुरूच ठेवून तो आत धावला. आता मिस्त्रीनं लॉक बसवून झाकण आवळलं असणार. वाटेत त्यानं वाक्यं जुळवली होती. पाया पडेन, रात्रभर इथंच बसेन, पण पुढचा काढायला लावीन.

आत मिस्त्री स्टुलावर बसून चहा पीत होता. हात स्वच्छ. दोन्ही अ‍ॅक्सल उघडेच. आणि गाडीच्या तोंडापुढं, उताणा टाकलेल्या टायरवर, त्याची बायको बसली होती. तिच्या बोटांत खडूचा एवढासा तुकडा उरला होता. कोपरापर्यंत हात पांढरे झाले होते. केसांनाही खडू लागला होता. फरशी तर आता आरशासारखी झाली होती.

"बाई साडेतीनला आल्या," मिस्त्री चष्मेवाल्याला म्हणाला. "तुमचं वाचलं, म्हणाल्या, छे, पुढचा काय! पुसलं. मागचा लिहिलं. मग पुसलं. चार वाजता मी वाचायला आलो तर म्हणाल्या, थांबा जरा. तेव्हापासून चौथा चहा आहे हा माझा."

चष्मेवाला बघतच राहिला. अठरा वर्षांत त्यानं तिला असं कधी पाहिलं नव्हतं. घर, नवरा, मुलीची शाळा, गाईचं पोट कापायचं की नाही, सगळं उभ्या उभ्या ठरवणारी बाई ती.

"महिनाभर हेच चाललंय डोक्यात," ती मान खाली घालून म्हणाली. "त्या दिवशी चिखलातून चालत जातानासुद्धा तेच. पुढचा की मागचा, पुढचा की मागचा. कुणाला सांगायची सोय नाही. दवाखान्यात सगळे म्हणतात, बाईंना विचारा, बाई एका दमात सांगतात. म्हणून तुझ्यावर ढकललं. तुला नाही ठरवता आलं तर कुणाला काही वाटलं नसतं."

एरवी हे ऐकून त्याला वाईट वाटलं असतं. वाटलंही, पण अगदी थोडं. त्याहून जास्त तिची दया आली, आणि दया येण्याइतकी ती आपल्याला कधी जवळची वाटली होती, ते त्याला आठवेना. त्यानं वाकून तिच्या बोटांतला खडूचा तुकडा काढून घेतला आणि फरशीवर एका दमात लिहिलं, 'मागचा'. खाली रेघही ओढली.

"नक्की?" तिनं विचारलं.

"नक्की. पुढचा लावला की स्टिअरिंग ऐकत नाही. मागचा लावला तर निदान वळायचं कुठं ते तुझ्या हातात राहतं. आणि अडकलं तर जरा मागं घ्यायचं, सरळ. आपोआप सुटतं."

"तुला कसं ठाऊक?"

"आठ किलोमीटर गेलो होतो."

मिस्त्रीनं वाचलं, कप ठेवला, फोन खणात टाकला आणि गाडीखाली शिरला. दाराशी सासूबाई मुलीला फोनवर सांगत होत्या, "अगं, फार खंबीर माणूस आहे. विटासुद्धा घेतल्या नाहीत."

दुसऱ्या दिवशी बायको पहाटेच गेली. चष्मेवाल्यानं दुकान उघडलं, पण भिंगं उलटसुलट लावली. दर दहा मिनिटांनी दारात जाऊन रस्ता बघितला. दुपारी वाऱ्यानं दार आपटलं तरी तो दचकला. संध्याकाळी सहाला पिकअप दारात येऊन थांबली आणि व्यवस्थित वळून आत आली, तेव्हा कुठं तो खाली बसला.

"वासरू?" त्यानं विचारलं.

"छान आहे. गाय पण छान."

"आणि लॉक?"

तिनं पायातले बूट काढले. बुटांना जराही चिखल नव्हता. "त्यांनी गायच खाली आणून डांबरी रस्त्याच्या कडेला बांधली होती. म्हणाले, मागच्या वेळी बाईंचे फार हाल झाले."

चष्मेवाल्यानं वाकून बुटांचे तळवे तपासले.

"मग मी तशीच वर गेले, नुसतीच. लॉक बघायला. सगळीकडे कोरडं. चिखल शोधत फिरले. वस्तीच्या अलीकडे एक डबकं सापडलं, चांगलं पंधरा हातांचं."

"मग?"

"मग गेले त्यातून. पलीकडे पोचले तेव्हा आठवलं, लॉक लावायचं राहिलंच."

"मग पुन्हा जायचंस ना त्यातून!"

"तेच ठरेना रे," ती म्हणाली. "जावं की नको, जावं की नको, करत तासभर डबक्याच्या काठी बसले होते. वस्तीवरची माणसं येऊन विचारून गेली, बाई, काही हरवलंय का? एकदा वाटलं, तुला फोन करावा. म्हटलं, तू असतास तर पटकन सांगितलं असतंस."

ती हे थट्टेनं म्हणतेय का, हे चष्मेवाल्यानं तिच्या चेहऱ्यावर शोधून पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. तो उठला, खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाला, "चल. अजून उजेड आहे."